दोन रकान्यांची वही

जुन्या पेढीवर दिवाणजींच्या गादीशेजारी, रोजकीर्द आणि खतावणी ह्या दोन मानाच्या वह्यांखेरीज, आणखी एक लहानशी वही नेहमी पडलेली असे. तिला नाव नसे. दिवाळीच्या वहीपूजनात तिला कुंकूही लागत नसे. डाव्या बाजूस एक शब्द आणि उजव्या बाजूस त्याचे उत्तर, एवढाच तिचा कारभार. 'ब्याडगी डब्बी' ह्यापुढे आजचा भाव, 'गोदामाची दुसरी किल्ली' ह्यापुढे ती ज्याच्याकडे असेल त्याचे नाव, 'पुढील पावती' ह्यापुढे एक आकडा. भाव बदलला की जुना आकडा खोडावयाचा आणि नवा लिहावयाचा. जवळी साळ असो, दुर्गदबैल असो वा दाजीबान पेठ असो, हुबळीच्या बाजारात अशी वही नसलेली पेढी आमच्या तरी पाहण्यात नाही.

संगणकाच्या शास्त्रात ह्या अनामिक वहीस 'की-व्हॅल्यू स्टोअर' असे भारदस्त नाव आहे. आपण तीस किल्ली-मूल्य साठा म्हणू. किल्ली सांगितली असता तिच्याशी बांधलेले मूल्य परत मिळते. ठेवणे, काढणे आणि पुसणे ह्या तीन क्रियांपलीकडे ह्या साठ्यास फारसे काही ठाऊक नसते. मोठमोठ्या कंपन्या तो शेकडो यंत्रांवर पसरून चालवितात. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या 'डायनॅमो' ह्या साठ्याविषयी निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून ह्या पद्धतीचा फार बोलबाला झाला. परंतु दोन गल्ल्यांच्या दुकानास शेकडो यंत्रे काय करावयाची? आमच्या मिरची-मसाल्याच्या दुकानात आम्ही तो साठा एकाच फाइलीत, एस्क्यूलाइट ह्या डेटाबेसच्या पाठीवर उभा केला. त्यात काय साधले आणि एका दिवाळीस काय गमावले, ते व्यापारी बंधूंपुढे व त्यांच्या घरच्या तरुण मंडळींपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ह्या एस्क्यूलाइटची ओळख करून दिली पाहिजे. आय. बी. एम. कंपनीतील एडगर कॉड ह्यांनी १९७० साली एक निबंध लिहून असे मांडले की, माहिती सरळ तक्त्यांत ठेवावी; प्रत्येक तक्त्यास ठरलेले रकाने असावेत, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध नोंदींतील समान आकड्यावरून लावावा. आपल्या खतावणीतील ओळीपुढे कीर्दीचे पान लिहिलेले असते आणि त्यावरून मूळ नोंद सापडते, त्याच जातीची ही युक्ती होय. ह्यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. असे डेटाबेस बहुधा एका स्वतंत्र सर्व्हरवर चालतात. तो सर्व्हर म्हणजे पगारी कारकून समजावा. तो रजेवर गेला की सर्वांचे काम ठप्प.

नेमकी हीच अडचण रिचर्ड हिप ह्या अमेरिकन तज्ज्ञास एका युद्धनौकेच्या कामात आली. नौकेस इजा झाली असता कोणते झडप बंद करावे, कोणते उघडावे हे सांगणारा कार्यक्रम ते अमेरिकन नौदलासाठी करीत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांच्या पडद्यावर जोडणी होत नसल्याचा निरोप येई, आणि दोष मात्र त्यांच्या कार्यक्रमावर येई. तेव्हा ज्यास सर्व्हरच लागणार नाही, जो कार्यक्रमाच्या पोटातच राहील आणि साध्या फाइलीवर लिहील, असा डेटाबेस त्यांनी २००० साली तयार केला. तो त्यांनी कोणताही मालकी हक्क न ठेवता जगास मोकळा करून दिला आहे. आज प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोन दूरध्वनीत तो असतो. वाचकांच्या खिशातील व्हॉट्सअ‍ॅपचे निरोपही अँड्रॉइडवर त्याच्याच फाइलीत साठतात, आणि फायरफॉक्स ह्या ब्राउझरने संकेतस्थळांच्या बारीकसारीक नोंदींसाठी त्याच फाइलीवर किल्ली-मूल्य साठा फार वर्षांपूर्वी बांधला होता. सारांश, आमच्या दुकानाने काही नवीन शोध लावला अशातला भाग नाही.

ह्यात एक गंमत आहे. एस्क्यूलाइटची पहिली आवृत्ती स्वतःच 'जीडीबीएम' नावाच्या एका किल्ली-मूल्य साठ्याच्या पाठीवर बसलेली होती. त्या साठ्यात किल्ल्यांना क्रम नव्हता. नाव सांगितले तर मूल्य मिळे, परंतु 'क पासून ख पर्यंतची सर्व नावे दे' म्हटले तर सोय नव्हती. म्हणून २००१ च्या दुसऱ्या आवृत्तीत हिप ह्यांनी तो पाया काढून टाकला व आपला स्वतःचा, क्रमवार लावलेल्या पानांचा पाया घातला. जो मजला पूर्वी तळाशी होता, तोच आता आम्ही वर चढवीत होतो!

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन दुकानात येऊ लागले, तेव्हा त्यांनी गल्ल्यावरचा कार्यक्रम लिहावयास घेतला. आम्ही साहजिकच विचारले, "अरे, दोन रकान्यांसाठी डेटाबेस कशाला? साधी फाइल पुरे नाही का?"

"काका, साधी फाइल लिहिताना वीज गेली तर अर्धी ओळ राहते," ते म्हणाले. "ती अर्धी ओळ खरी धरायची की खोटी, हे मग कोण सांगणार?"

दुकानात वीज कधी जाईल ह्याचा नेम नसतो, हे आम्ही पुरते जाणून असल्याने वाद तेथेच संपला.

काम दिसावयास सोपे होते. एक तक्ता, त्यात 'किल्ली' आणि 'मूल्य' हे दोन रकाने, आणि किल्ली ही मुख्य खूण असल्याची नोंद. परंतु प्रत्येक सोप्या कामात खड्डे असतात, आणि ह्या कामातील खड्डे आमच्या धंद्याशी इतके जुळणारे निघाले की ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिला खड्डा शून्याचा. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर प्रत्येक मालास एचएसएन क्रमांक आला. वाळलेल्या मिरचीचा क्रमांक ०९०४ ने सुरू होतो. चिरंजीवांनी किल्लीच्या रकान्याची जात 'स्ट्रिंग', म्हणजे अक्षरमाला, अशी लिहिली. परंतु एस्क्यूलाइटमध्ये अक्षरांच्या रकान्यास 'टेक्स्ट' म्हणावे लागते. 'स्ट्रिंग' हा शब्द तो ओळखत नाही, आणि न ओळखलेल्या जातीचा रकाना तो संख्येकडे झुकवितो. परिणामी ०९०४ ही किल्ली आत गेली आणि ९०४ होऊन बसली. ज्याचा आरंभ शून्याने होतो असा प्रत्येक क्रमांक ह्या रीतीने एक अंक गमावून बसतो, आणि त्याविषयी यंत्र चकार शब्द काढीत नाही. शब्द बदलून 'टेक्स्ट' केला, तेव्हा शून्ये जागेवर आली.

दुसरा खड्डा रिकाम्या किल्लीचा. मुख्य खूण रिकामी असू नये हे कोणासही कळते, पण एस्क्यूलाइटमध्ये आरंभीच्या काळी झालेल्या एका चुकीमुळे ती रिकामी चालते. जुने कार्यक्रम मोडू नयेत म्हणून ती चूक आजवर तशीच राखली आहे. सांगणे एवढेच की, 'रिकामे चालणार नाही' हे आपणच स्पष्ट लिहावे. शिवाय २०१३ च्या अखेरीस आलेली एक सवलत अशा तक्त्यास फार उपयोगी पडते. एरव्ही प्रत्येक ओळीस एक छुपा क्रमांक असतो, आणि किल्लीवरून आधी तो क्रमांक व क्रमांकावरून मग ओळ, असा दुहेरी शोध होतो. ही सवलत घेतली की ओळी थेट किल्लीच्या क्रमाने रचल्या जातात. मात्र ओळी लहान असल्या तरच. एका पानाच्या, म्हणजे बहुधा ४०९६ बाइटांच्या, विसाव्या हिश्शाहून ओळ मोठी नसावी असा सर्वसाधारण नियम सांगतात. भाव, क्रमांक, छोट्या चिठ्ठ्या ह्यांस ते सहज पुरते.

तिसरा खड्डा लिपीचा, आणि आम्हा मराठी-कन्नड दोन्ही लिहिणाऱ्यांस तो अधिक लागतो. कऱ्हाडच्या एका गिऱ्हाइकाचे नाव यंत्रात दोनदा आले. डोळ्यांस दोन्ही 'कऱ्हाड' सारखीच. पण एका कळफलकावरून 'ऱ' हे एकच अक्षर म्हणून गेले होते, दुसऱ्यावरून 'र' व त्याखालील नुक्ता अशी दोन. यंत्र अक्षरे वाचीत नाही, त्यांमागील आकडे ताडून पाहते. त्याच्या लेखी ही दोन गावे झाली. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद विसरावयास सांगता येतो, पण आपल्या लिपींसाठी तशी सोय त्यात मुळातच नाही. तेव्हा किल्ली आत जाण्यापूर्वीच ती एका ठरावीक रूपात आणून ठेवावी लागते. दिवाणजी ह्यावर म्हणाले की, त्यांच्या वहीत असे कधी झाले नव्हते. ते खरेच होते.

'ठेवणे' ही क्रिया म्हणजे किल्ली नसेल तर नवी ओळ, असेल तर जुन्याच ओळीतील मूल्य बदलणे. २०१८ सालापासून ह्यासाठी एस्क्यूलाइटमध्ये एकच सरळ आज्ञा आहे. त्याआधीची रीत जुनी ओळ काढून नवी घालण्याची होती. तीत त्या ओळीतील इतर रकाने नकळत पुसले जात. आम्ही भावाच्या ओळीत 'ही नोंद कधीपर्यंत खरी' असा तिसरा रकाना पुढे जोडला, तेव्हा हा भेद कामास आला. कालचा भाव आज गल्ल्यावर दिसू नये, हे मिरचीच्या बाजारात किती महत्त्वाचे आहे ते सांगावयास नकोच.

आता वेगाविषयी दोन शब्द. नोंद पक्की झाली असे यंत्राने म्हणावयाचे, तर ती खरोखर डिस्कवर उतरली पाहिजे, आणि त्यास वेळ लागतो. एस्क्यूलाइटचे कर्तेच सांगतात की, सेकंदास पन्नास हजारांहून अधिक ओळी घालता येतील, पण फिरत्या डिस्कवर एकेक नोंद वेगवेगळी पक्की करू लागल्यास सेकंदास काही डझनच होतात. सकाळी सव्वाशे मालांचे भाव भरताना आम्हास हे प्रत्यक्ष दिसले. शंभर नोटा बँकेत भरावयास शंभर खेपा घालाव्यात तसला तो प्रकार. सर्व भाव एकाच व्यवहारात बांधले आणि काम पापणी लवते न लवते तोच झाले.

येथवर सर्व ठीक होते. आता ज्या गोष्टीने आमचे नुकसान झाले तिच्याकडे वळतो, आणि ती आपल्या जमाखर्चाच्याच भाषेत सांगता येते.

२०१० पासून एस्क्यूलाइटमध्ये लिहिण्याची एक नवी रीत आहे. तीत मुख्य फाइलीस हात लावीत नाहीत. नवी नोंद प्रथम शेजारच्या दुसऱ्या फाइलीत, आली तशी, एकाखाली एक लिहितात. ह्या फाइलीच्या नावाच्या शेवटी 'वॉल' अशी अक्षरे असतात. ती पुरेशी वाढली, म्हणजे सामान्यतः हजार पाने झाली, की तिच्यातील नोंदी मुख्य फाइलीत उतरवितात. व्यापारी वाचकाच्या हे एव्हाना ध्यानात आले असेल: ही दुसरी फाइल म्हणजे रोजकीर्द, आणि मुख्य फाइल म्हणजे खतावणी. आधी कीर्दीत लिहावे, मग सवडीने खतवावे. मध्येच वीज गेली तर कीर्दीतील शेवटची अर्धवट नोंद सोडून बाकीचे पुन्हा खतविता येते. आपल्या वाडवडिलांनी दिव्याखाली बसून पाळलेली शिस्त यंत्राने उचलावी, ह्याचे आम्हास त्या वेळी फार कौतुक वाटले. त्या कौतुकाच्या भरात तिचा दुसरा अर्धा नियम मात्र ध्यानात आला नाही.

२०२३ च्या दिवाळीत धनत्रयोदशीस दुकानात नवे यंत्र आले. चिरंजीव त्या दिवशी बंगळूरास होते. जुन्या यंत्रावरील फाइल नव्यावर नेण्याचे काम आम्ही स्वतः केले. गल्ल्यावरचा कार्यक्रम चालूच होता. तो आम्ही रात्रीही बंद करीत नसू, फक्त पडदा मालवीत असू. जागेवर तीन फाइली दिसल्या. त्यांतील मोठी आम्ही पेन ड्राइव्हवर घेतली. उरलेल्या दोन कसल्या तरी तात्पुरत्या असाव्यात असे समजून सोडून दिल्या. संध्याकाळी जुने यंत्र साफ पुसून गोदामास दिले.

नव्या यंत्रावर सर्व सुरळीत उघडले. तक्रार नाही, इशारा नाही. भाव दिसले, गिऱ्हाइके दिसली. पण ती चार दिवसांपूर्वीची होती. खतावणी आणली होती, कीर्द मागे राहिली होती, आणि खतावणी आपल्या परीने अगदी निर्दोष असल्याने यंत्रास संशय येण्याचे कारणच नव्हते. 'पुढील पावती' ह्या किल्लीपुढे जुना आकडा बसला होता, आणि त्या आकड्यापासून पुन्हा पावत्या निघू लागल्या. वस्तू व सेवा कराच्या नियमाप्रमाणे पावतीचा क्रमांक ओळीने चालला पाहिजे आणि त्या आर्थिक वर्षात तो एकदाच आला पाहिजे. आमच्या एकाच क्रमांकाच्या दोन-दोन पावत्या सणाच्या गर्दीत गिऱ्हाइकांच्या हाती गेल्या.

चूक पकडली ती दिवाणजींनी. यंत्र आल्यापासून आम्ही त्यांस कितीदा तरी सांगितले होते की, आता कागदी कीर्द ठेवण्याचे दुहेरी कष्ट नकोत. ते मान हालवीत आणि लिहीत राहत. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी वही पुढे करून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हा नंबर मंगळवारी गेला होता; आज पुन्हा कसा आला?" पुढचे आठ दिवस आम्ही घरोघर दूरध्वनी करून, कर सल्लागारांच्या सल्ल्याने जुन्या पावत्या रद्द करून नव्या देण्यात घालविले. चार दिवसांच्या सर्व नोंदी त्या कागदी वहीतून पुन्हा भरल्या. ती वही नसती तर त्या चार दिवसांतील उधारी कोणाकडे किती, ह्याचे उत्तर आम्हास गिऱ्हाइकांच्याच तोंडून ऐकावे लागले असते.

उधारीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक कबुली देणे भाग आहे. आरंभीच्या उत्साहात आम्ही गिऱ्हाइकाचे नाव ही किल्ली आणि त्याची बाकी हे मूल्य करून ठेवले होते. हे मुळातच चुकले होते. किल्ली-मूल्य साठ्यात नवे मूल्य ठेवले की जुने नाहीसे होते. जमाखर्चात मात्र खोडण्यास मज्जाव आहे, चूक झाली तर उलट नोंद घालावी लागते. बाकी ही लिहून ठेवण्याची गोष्ट नव्हे, ती नोंदींवरून काढण्याची गोष्ट आहे. शिवाय 'तीन महिन्यांवर थकलेली बाकी कोणाकोणाकडे?' असे विचारले असता दोन रकान्यांच्या वहीस प्रत्येक पान उलगडून पाहण्यावाचून गती नसते. चिरंजीवांनी परतल्यावर प्रथम उधारी तेथून काढली व खऱ्या तक्त्यांत नेली: पावत्यांचा एक, वसुलीचा एक, गिऱ्हाइकांचा एक.

आणि पाया एस्क्यूलाइटचा घेतल्याचे खरे चीज येथे झाले. उधारीचे तक्ते आणि ती दोन रकान्यांची वही एकाच फाइलीत शेजारी शेजारी राहतात, म्हणून दोहोंस एकाच व्यवहारात बांधता येते. पावतीची ओळ लिहिणे आणि 'पुढील पावती' एकाने वाढविणे ही दोन कामे एक तर दोन्ही होतात, नाही तर एकही होत नाही. दोन गल्ल्यांवरून एकाच क्षणी पावती मागितली तरी तोच क्रमांक दोघांस मिळत नाही, कारण एका वेळी एकासच लिहू देण्याचा एस्क्यूलाइटचा नियम आहे. दुसरा क्षणभर थांबतो. निव्वळ किल्ली-मूल्य साठा वेगळा आणि हिशोब वेगळा ठेवला असता, तर मधली फट आमची आम्हास बुजवावी लागली असती. दुसऱ्या गल्ल्याचे यंत्र मात्र ती फाइल जाळ्यावरून थेट उघडीत नाही. लिहिण्याची ही कीर्दीची रीत जाळ्यावरच्या फाइलीवर चालत नाही, म्हणून ते यंत्र पहिल्या यंत्रावरील कार्यक्रमास विचारते.

फाइल नुसती उचलून नेण्यास आता दुकानात बंदी आहे. २०१९ पासून एस्क्यूलाइटमध्ये एक आज्ञा आहे, जी कीर्द आणि खतावणी दोन्ही वाचून एक नवी, पूर्ण प्रत तयार करते. कार्यक्रम चालू असला तरी हरकत नाही. रोज रात्री साडेआठास चिरंजीवांनी केलेली एक कळ दाबली की अशा दोन प्रती निघतात, एक दुकानातील कपाटात आणि एक घरी जाते. मग ती प्रत उघडून तीत 'पुढील पावती' काय आहे ते पडद्यावर येते. दिवाणजी आपल्या कागदी वहीतून शेवटच्या पावतीचा नंबर मोठ्याने वाचतात, आम्ही पडद्यावरचा वाचतो. एकाचा फरक असला की ते वहीत एक टिंब देतात, आणि मग गल्ल्यास कुलूप लागते.